सीमा, साक्षी आणि राजा

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या राजवटीत, कल्याण नगरीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ही कल्याण नगरी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. विज्ञानेश्वराचे जन्मगाव गुलबर्ग्याजवळचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीजवळचे, मरतूर असे परंपरा मानते. कंपनी सरकारच्या काळात कोलब्रुक साहेबाने १८१० साली या ग्रंथातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हिंदू कुटुंबांच्या वाटणीचे दावे चालविताना वकिलांच्या तोंडी मिताक्षरेचे नाव सतत आले. मात्र याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात सीमाविवाद नावाचे एक छोटे प्रकरण आहे, त्याकडे कायद्याच्या पदवीधरांचेही सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा आधार ते प्रकरण आहे.

विज्ञानेश्वर सीमेचे चार प्रकार सांगतो: देशाची सीमा, गावाची सीमा, शेताची सीमा आणि घराची सीमा. खुणांच्या दृष्टीने तो नारदाच्या आधारे तिचे पाच भेद करतो. वृक्षांनी दाखविलेली ती ध्वजिनी, पाण्याने दाखविलेली ती मत्स्यिनी, भूमीत पुरलेल्या कोळसा-तुसांच्या खुणांनी ओळखू येणारी ती नैधानी, दोन्ही पक्षांनी आपसांत ठरविलेली ती भयवर्जिता आणि राजाज्ञेने आखलेली ती राजशासननीता. वाद उत्पन्न झाला तर साक्ष कोणाची घ्यावयाची? शेजारच्या गावचे लोक, वृद्ध, गुराखी, सीमेलगत नांगर धरणारे शेतकरी आणि रानात वावरणारे, यांची. हे लोक तांबडी वस्त्रे व तांबड्या फुलांच्या माळा घालून, मस्तकावर माती धारण करून सीमा चालून दाखवितात. खोटी सीमा दाखविणाऱ्यास मध्यम साहसाचा दंड आहे. राजाला स्वतः सीमा ठरविण्याचा अधिकार आहे खरा, पण केव्हा? जाणते साक्षीदार नाहीत आणि खुणाही उरलेल्या नाहीत, अशा वेळी. शास्त्राने राजाला शेवटच्या पायरीवर उभे केले आहे.

बांधाचे दावे चालविणाऱ्या कोणाही वकिलाला या क्रमातील शहाणपण पटेल. मोजणीदाराची साखळी शेतावर फिरते, नकाशा पसरला जातो, आणि तरीही अखेर पंचनाम्यात एखादा म्हातारा गुराखी दूरच्या बाभळीकडे बोट दाखवितो, तेव्हाच वाद उलगडू लागतो. प्रश्न असा, की शेताच्या सीमेला लागू पडणारा हा न्याय देशांच्या सीमेला कधी लागू पडला काय? ज्या भूमीत तो लिहिला गेला त्या बिदर-कलबुर्गीच्या इतिहासात आणि तिच्याशी एका चमत्कारिक धाग्याने बांधल्या गेलेल्या, सात समुद्रांपलीकडील अमेरिकेतील वसाहतींच्या इतिहासात याचे उत्तर शोधू.

प्रथम भूमी पाहू. बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० फूट उंचीवर, जांभ्या दगडाच्या पठाराच्या अगदी काठावर वसले आहे. जिल्ह्यातून वाहणारी मांजरा बीडकडील बालाघाटातून निघून गोदावरीस मिळते. दक्षिणेस कलबुर्गी सुमारे १,५०० फुटांवर, काळ्या मातीच्या मैदानात आहे. तेथील ओढे-नद्या भीमेस मिळतात आणि भीमा कृष्णेस. याचा अर्थ असा, की गोदावरी व कृष्णा या दोन महानद्यांची पाणी वाटणारी उंच भूमी या दोन जिल्ह्यांच्या मधून जाते. बिदर जिल्ह्याच्या उत्तर भागात पडलेला पाऊस गोदावरीचा होतो आणि दक्षिण भागातील ओढे भीमेची वाट धरतात.

भूगोलाच्या पुस्तकात अशा जलविभाजकास स्वाभाविक सीमा म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहासाने येथे ती सीमा कधीच मानली नाही. उलट या पठारावर आणि त्याच्या उतारावर चार राजधान्या झाल्या. कागिणेच्या काठचे मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तेथील अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नडाचा देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. पुढे पहिल्या सोमेश्वराने अकराव्या शतकात चालुक्यांची राजधानी कल्याणीस नेली. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले ते गुलबर्ग्यास. मैदानातील हे नगर विजयनगरच्या सरहद्दीला जवळ होते आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबासाठी दोन्ही राज्यांची रस्सीखेच सतत चालू होती. तेव्हा अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राजधानी पठारावर, बिदरला नेली. तेथे हवा निरोगी, पाणी मुबलक, आणि कड्याचा तट निसर्गानेच बांधून ठेवलेला. जांभ्यात कोरलेला तिहेरी खंदक आजही पाहणाऱ्यास थक्क करतो. राजधानी जलविभाजकाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेली. रयतेच्या येण्याजाण्यात मात्र त्याने काही अंतर पडले नाही. या भूमीत डोंगरमाथा हा भिंतीसारखा नव्हता; तो दोन्हीकडच्या गाड्यांचा रस्ता होता.

त्या काळी सत्तेची सीमा ही एक रेघ नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोगलांच्या दख्खनमध्ये सहा सुभे होते; बिदर हा त्यांतील एक. बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या त्या या सहाही सुभ्यांच्या. म्हणजे उत्पन्नाचे शेकडा पंचवीस एका हक्काने, शेकडा दहा दुसऱ्या हक्काने मराठ्यांचे, आणि उरलेले सुभेदाराचे. एकाच गावच्या चावडीत दोन सरकारांचे कमाविसदार बसत. निजामाचे राज्य कोठे संपते आणि पेशव्यांचे कोठे सुरू होते, असा प्रश्न त्या काळच्या देशपांड्याला विचारला असता तर त्याने नकाशाऐवजी वसुलाची वही उघडली असती. या व्यवस्थेत रयतेला दुहेरी जाच होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु कागदावरील एका रेघेने गावाचे सर्व संबंध एकदम तुटावेत, असे त्या व्यवस्थेत घडत नव्हते.

आता तो चमत्कारिक धागा. १७५४ साली उत्तर अमेरिकेत ओहायो नदीच्या उगमापाशी, जेथे अ‍ॅलेगेनी व मोनाँगहेला या दोन नद्यांचा संगम होतो, त्या जागेच्या मालकीवरून इंग्रज व फ्रेंच यांच्यात चकमकी सुरू झाल्या. फ्रेंचांनी संगमावर दुकेन नावाचा किल्ला बांधला होता. ज्याच्या हाती हा संगम त्याच्या हाती पश्चिमेचा सारा जलमार्ग, हे दोघेही जाणून होते. या ठिणगीचा पुढे सप्तवार्षिक युद्धात वणवा झाला आणि तो दख्खनपर्यंत पोहोचला. निजाम सलाबतजंग याचा आधार होता बुसी आणि त्याचे फ्रेंच कवायती सैन्य. १७५८ साली लालीने बुसीला परत बोलाविले, आणि सलाबतजंग उघडा पडला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहीमखान गारदी तोफखान्यासह मराठ्यांकडे आला. पुढे ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा उदगीर येथे पराभव केला, तेव्हा मराठ्यांस सुमारे ६० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड यांसारखी ठाणी मिळाली. उदगीर हे बिदरच्याच पठारावरचे. १९५६ पर्यंत ते बिदर जिल्ह्यातच होते. ओहायोच्या संगमावरील भांडणाचा एक टोला असा मांजरेच्या खोऱ्यात येऊन बसला.

उदगीरनंतर निजामाच्या घरातच फूट पडली. जुलै १७६२ मध्ये निजाम अली याने आपला भाऊ सलाबतजंग यास पदच्युत करून बिदरच्या किल्ल्यात कैदेत ठेविले. आणि १० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिस येथे इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तह झाला, त्याच्या अकराव्या कलमात उभय पक्षांनी लिहून दिले, की सलाबतजंग हाच दख्खनचा कायदेशीर सुभेदार होय. ज्याला युरोपच्या दोन महासत्ता मुद्रांकित कागदावर दख्खनचा धनी ठरवीत होत्या, तो त्या क्षणी बिदरच्या तटाआड सात महिन्यांचा कैदी होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचा तेथेच अंत झाला. तह करणाऱ्यांनी दख्खनमधील एकाही जाणत्याला विचारले नव्हते.

त्याच तहाने फ्रान्सने मिसिसिपीच्या पूर्वेकडील आपला अमेरिकेतील मुलूख इंग्लंडला दिला. तेथेही जाणत्यांना विचारले नव्हते. ती भूमी ज्यांच्या शिकारीची, शेतीची व पूर्वजांच्या दफनाची, ते ओटावा, शॉनी, डेलावेअर, इरोक्वा इत्यादी लोक तहात पक्षकार नव्हते. आम्ही कधी फ्रेंचांचे अंकित नव्हतो, मग त्यांनी आमची भूमी दुसऱ्याला कशी दिली, हा त्यांचा सवाल होता. आमच्या धंद्यातील साधा नियम हाच सांगतो: जे स्वतःचे नाही ते दुसऱ्यास देता येत नाही. ओटावा पुढारी पाँटिअ‍ॅक याच्या नावाने ओळखले जाणारे युद्ध त्याच वर्षी पेटले. तेव्हा ७ ऑक्टोबर १७६३ रोजी तिसऱ्या जॉर्ज राजाने जाहीरनामा काढला: अ‍ॅपलेशियन पर्वताच्या माथ्यावरून, अटलांटिक समुद्राकडे वाहणाऱ्या नद्यांच्या उगमांपलीकडे, वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये. दोनच महिन्यांपूर्वी, १० ऑगस्ट रोजी, गोदावरीकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजाम अलीचा पराभव केला होता. एकाच वर्षी दोन खंडांत सत्तेचा हिशेब मांडला जात होता. येथे तो वसुलाच्या हक्कांत मांडला गेला आणि तेथे जलविभाजकावरून ओढलेल्या एका रेघेत.

विज्ञानेश्वराच्या परिभाषेत ही रेघ दिसावयास मत्स्यिनी, नद्यांच्या पाण्याने दाखविलेली. पण वस्तुतः ती राजशासननीता होती. म्हणूनच ती टिकली नाही. पर्वतापलीकडील जमिनींचे सट्टे करणारे व्हर्जिनियाचे जमीनदार (जॉर्ज वॉशिंग्टन हेही त्यांत होते) तिला तात्पुरती अडचण समजत. १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा संघाने ओहायोच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण प्रदेश इंग्रजांना विकला. त्या रानात शिकार करणाऱ्या शॉनींची संमती त्याला नव्हती. ज्याची वहिवाट त्याची सही नाही, अशा खरेदीखताचा परिणाम ठरलेलाच असतो: १७७४ साली तेथे पुन्हा युद्ध झाले. आणि वसाहतवाल्यांना राजाची रेघ जाचू लागली, हेही १७७६ च्या बंडाचे एक कारण झाले.

याच काळातील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मेरीलँडची सनद १६३२ ची आणि पेन्सिल्व्हेनियाची १६८१ ची. दोन्ही राजांनीच दिलेल्या, आणि दोन्ही एकमेकींवर चढलेल्या. ऐंशी वर्षांच्या भांडणानंतर मेसन व डिक्सन या दोन इंग्रज ज्योतिर्विदांनी १७६३ ते १७६७ या काळात ताऱ्यांचे वेध घेऊन सीमा आखली. इंग्लंडहून जहाजाने आणलेले चुनखडीचे दगड मैलामैलावर रोविले. दर पाचव्या मैलाच्या दगडावर दोन्ही मालक घराण्यांची चिन्हे कोरली होती. मोजणी सुमारे २३० मैल पुढे सरकली आणि ऑक्टोबर १७६७ मध्ये थांबली. बरोबर दिलेले इरोक्वा सोबती एका जुन्या युद्धमार्गापाशी उभे राहिले आणि यापुढे आम्ही येणार नाही, असे त्यांनी सांगितले. वेधयंत्रे निर्दोष होती, गणित बिनचूक होते. पण जाणत्याने पाय थांबविताच राजाच्या रेघेलाही थांबावे लागले. उरलेले अंतर स्वातंत्र्यानंतर, १७८४ साली पुरे झाले. आणि १८२३ साली जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की भूमीचे स्वामित्व तिचा शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे जाते; मूळ रहिवाशांना केवळ भोगवट्याचा हक्क. साक्षीदाराला साक्षीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढण्याचे काम अशा रीतीने कायद्यानेच पुरे केले.

दोन्ही देशांची तुलना फार ताणू नये. अमेरिकेत भूमी हवी होती आणि माणसे नको होती. दख्खनच्या सत्तांना रयत हवी होती, कारण वसूल तिच्याच घामातून यावयाचा. आपले वाचक तर सत्ता, भूगोल आणि श्रद्धा यांचे नाते स्वानुभवाने जाणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा जुलूम वाढला तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात जुवारीपलीकडे प्रियोळ व कवळे येथे नेली. नदीचे ते पात्र म्हणजे सत्तेची सीमा होती, आणि पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. ती आदिलशाही म्हणजे बिदरच्या बहामनी वृक्षाचीच फांदी. राजा परधर्मीय, तरी त्याच्या मुलखात देवाला आसरा मिळाला. सीमा नेहमी तोडतेच असे नाही. कधी ती राखतेही.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९४८ हे वर्ष या जिल्ह्यांना रक्ताचे गेले. बिदर भागातील गोरटा गावी रझाकारांनी केलेली कत्तल आणि सप्टेंबरातील लष्करी कारवाईनंतर याच जिल्ह्यांत निरपराध मुसलमान रयतेचा झालेला संहार, ही दोन्ही पाने इतिहासात शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. पुढे राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात बिदर जिल्हा तेलुगु भाषिक जिल्ह्यांसह उर्वरित हैदराबाद राज्यात ठेवावा, असे सुचविले. संसदेने दुसराच निर्णय केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून झहीराबाद तालुका आणि बिदर तालुक्यातील न्याळकल सर्कल आंध्र प्रदेशाकडे गेले. बाकी सारा जिल्हा म्हैसूरला मिळाला. गुलबर्ग्यातून कोडंगल व तांडूर आंध्रात गेले. एका जुन्या जिल्ह्याचे तुकडे आज महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशा तीन राज्यांत आहेत. योगायोग असा, की त्याच १९५६ सालच्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा आला. मिताक्षरेचा दायविभाग आणि मिताक्षरेची जन्मभूमी, दोहोंची फेरमांडणी एकाच वर्षी झाली.

आयोगाने निवेदने घेतली, जनगणनेचे आकडे पाहिले. राजेशाहीतील लहर तेथे नव्हती, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. तरी जेथे एकाच घरात आजी मराठी बोलते, सून कन्नड बोलते, हिशेब उर्दूत आणि बाजार तेलुगूत होतो, तेथे भाषेच्या रकान्यात एकच शब्द लिहावयाचा म्हणजे साक्षीदाराला ‘हो की नाही एवढेच सांगा’ असे दरडावण्यासारखे आहे. पुढे महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यात बिदर व कलबुर्गीतील गावेही आहेत. न्यायासनासमोर नेलेल्या प्रश्नाच्या गुणदोषांवर लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. गाव हा घटक धरावा आणि सलगता व लोकमत पाहावे, हा मुद्दा त्या वादात सतत मांडला जातो, एवढे नमूद करतो. ‘ग्रामसीमा’ हा शब्द विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी याच मातीत वापरला होता.

परंतु न्यायालयाचा निकाल काहीही होवो, एक प्रश्न आपणांपुढे उरतोच: जाणते कोण, आणि खुणा कोठे आहेत? मला वाटते, त्या आपल्या देवस्थानांत आहेत. पंढरपूरची भीमा खाली वाहत जाऊन गाणगापुरी अमरजेला मिळते. तेथील नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा गुरुचरित्र हा ग्रंथ मराठीत आहे, पण तो रचणारा सरस्वती गंगाधर मूळचा कन्नडभाषी असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात गुरूंकडे व्याधिमुक्तीसाठी येणारा मुसलमान राजा परंपरेने बिदरचा समजला जातो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे लुटविली तेव्हा विठोबा रकमेचा भरणा करावयास गेला तोही बिदरच्या दरबारी, अशी आपली श्रद्धा. हुमनाबादजवळील माणिकनगरच्या माणिकप्रभूंची (१८१७ ते १८६५) पदे मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा भाषांत आहेत. भाविकाने या वाटा चालताना कोणत्या नदीचे खोरे संपले, कोणाचा सुभा लागला, याची चौकशी केली नाही. स्मृतीने ज्यांना सीमेचे साक्षी म्हटले, ते नित्य पायी चालणारे लोक हेच.

म्हणून विनंती एवढीच, की दोन्ही जिल्ह्यांतील आणि सरहद्दीच्या अलीकडील विश्वस्तांनी आपापल्या देवळांच्या पेट्या उघडाव्यात. इनामाच्या सनदा, मोडीतील वहिवाटीचे कागद, यात्रेच्या मानकऱ्यांच्या याद्या, कोणत्या गावची पालखी कोठून येते आणि कोणत्या गावचा नैवेद्य पहिला, याच्या नोंदी, या सर्वांच्या नकला करून ठेवाव्यात. ज्यांना जुनी वाट, जुना बांध, जुनी बारव ठाऊक आहे अशा वृद्धांची जबानी त्यांच्याच बोलीत, मग ती मराठी असो वा कन्नड, लिहून घ्यावी. त्यात आपल्या पक्षाला अडचणीचे काही निघाले तरी ते गाळू नये. मध्यम साहसाचा दंड आज कोणी करणार नाही, पण दोष तोच राहील. कीड आणि ओल यांना तीन राज्यांची सीमा कळत नाही, आणि जाणती माणसे एकेक करून जात आहेत. जाणते गेले आणि खुणा बुजल्या, म्हणजे सीमा ठरविण्याचा सारा अधिकार राजाकडे जातो, असे शास्त्रच सांगते.